'नोंद झाली'

हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही. आई गेली, तिलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट कळत नाही.

मी लासूर स्टेशनची. कॉम्प्युटर शिकायला औरंगाबादला मावशीकडं राहिले. बीड बायपासपलीकडं तेव्हा भराभर कॉलन्या उठत होत्या. घरं होती, नळ नव्हते. त्यात दुष्काळ, बोअर आटलेले, सगळी भिस्त टँकरवर. क्लासमध्ये मी खिडक्या आणि बटणांचे प्रोग्राम शिकत होते — पडद्यावर बटण ओढून ठेवायचं, त्याला नाव द्यायचं, ते दाबल्यावर काय व्हावं ते मागं लिहायचं. पडदे मी सुंदर करायची. मागचं तितकंसं जमत नव्हतं.

मावशीचे यजमान, आमचे काका, कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं — टँकरचे नंबर आता कॉम्प्युटरवर लागणार, प्रोग्राम आमची सुवर्णा करणार. मी त्यांच्याच घरात जेवत होते. नाही कसं म्हणणार?

केला. पण फोनचा रकाना रिकामा राहिला की नोंद साठायचीच नाही, प्रोग्राम बंद पडायचा. का, ते सापडेना. दाखवायच्या दिवशी सकाळी मी त्यात एक ओळ टाकली — चूक आली तरी थांबू नको, पुढं चल. मग आत काहीही बिघडलं तरी पडद्यावर छोटी खिडकी यायची, 'नोंद झाली'. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर दुरुस्त करू, असं मनाशी म्हटलं. केलं का? नाही. तो प्रोग्राम उघडायचीच भीती वाटायची.

नोंदी भरायला रेखा होती. सोयगावकडची, दहावी झालेली, विहीर आटल्यावर नवऱ्यासोबत शहरात आलेली. माउस कसा धरायचा ते मीच तिला दाखवलं होतं.

मागच्या गल्लीत एका घरी बाळंतीण होती. घरात फोन नव्हता. त्यांचा टँकरचा नंबर लागोपाठ दोनदा आलाच नाही. बाळंतिणीची आई कमिटीच्या खोलीत येऊन रडली. कॉम्प्युटरमध्ये बघितलं, तर त्यांचं नावच नव्हतं.

"मी भरलं व्हतं, काका," रेखा म्हणाली. "नोंद झाली असं आलं बी व्हतं."

"मग गेलं कुठं? कॉम्प्युटर खोटं बोलतो का?" काका माझ्याकडं वळले. "सुवर्णा, तू सांग."

मला कळलं होतं — नाव नाही म्हटल्याबरोबर. दारात माणसं उभी, समोर काका. बोलले तर त्यांची मान खाली, माझा क्लास बंद, परत लासूर. एवढंच डोक्यात होतं. त्या बाईचं रडणंसुद्धा नाही.

"बटण दाबलंच नसेल," मी म्हणाले, "तर नोंद कशी येईल?"

किती जपून बोलले, बघा. वाक्य म्हणून खोटंही नाही.

रेखानं माझ्याकडं पाहिलं, मग खाली. काकांनी तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्याच दुपारी, सगळे आडवे झाल्यावर, मी बसून ती चूक शोधली. सापडलीही — इतकी साधी होती. पुढं तोच प्रोग्राम दाखवून मला पहिली नोकरी लागली.

गेल्या वर्षी गुलमंडीच्या बाजारात रेखा भेटली. तिनंच ओळखलं. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी होती. तिला म्हणाली, "ह्या सुवर्णाताई. मला कॉम्प्युटर ह्यांनीच शिकवला." मग माझ्याकडं बघून हसली. "लई इचार केला, ताई. माझ्याकडूनच दाबायचं राहिलं असंल. तवापासून मशीनला हात नाय लावला."

बोलायला वेळ होता. समोर तीच होती, आता मला अडवणारं कोण होतं?

"होतं असं कधी कधी," मी म्हणाले. आणि तिच्या मुलीला विचारलं, कितव्या वर्षाला आहेस.