वडगाव रासाईचा खोटा पेशंट

शिरूरहून एसटी निघाली तेव्हा माझ्या मांडीवर एचआयव्ही तपासणीच्या किटचा खोका होता. "पेढं हायती व्हय?" शेजारच्या आजींनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. वडगाव रासाईपर्यंत अख्खं बाकडं मला एकटीला मिळालं.

उपकेंद्रात आजूबाजूच्या गावांच्या पंधरा आशाताई जमल्या होत्या. आलेल्या माणसाशी कसं बोलायचं, तपासणी कशी करायची, हे मी शिकवणार होते. उपकेंद्राच्या सिस्टर लसीकरणाला गेल्या होत्या; सरावासाठी त्यांचा दीर खोटा पेशंट होऊन येणार होता, त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. एवढ्यात टोपी घातलेले एक आप्पा दारात आले.

"बाई, ती तपासणी हितंच हाय ना? लई वर्सं ट्रकवर व्हतो. आता वजन उतरतंय. घरात बोलायची सोय न्हाई." त्यांचा आवाज कापत होता.

मी टाळ्या वाजवल्या. "बघा! असं नैसर्गिक जमलं पाहिजे!"

बाकीच्यांनीही वाजवल्या. फक्त त्याच गावच्या, ही तपासणी आधीच शिकलेल्या सुनंदाताई उठल्या. "आप्पा, चला, आत बसू," म्हणत खोक्यातलं एक किट उचलून त्यांना सिस्टरांच्या खोलीत घेऊन गेल्या.

"ताई, दार उघडं ठेवा, आम्हाला दिसू दे!" मी ओरडले.

आतून कडी लागली.

पाच मिनिटांत अंगणात मोटरसायकल थांबली. सिस्टरांचे दीर धापा टाकत आत आले. "सॉरी मॅडम, चाक पंक्चर झालं. पेशंट मीच हाय. कुठं बसू?"

पंधरातल्या चौदा जणी माझ्याकडे बघत होत्या. "मी आत्ता केलं ते कधीही करू नका," एवढंच सुचलं. सगळ्यांना घेऊन मी बाहेर गेले. झाडाखाली भाकरी आणि खर्डा (ठेचलेली मिरची) खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं ते मिरचीवर ढकललं.

अर्ध्या तासानं आप्पा बाहेर आले. मी गेटपाशी त्यांना गाठलं. "आप्पा, चुकलं माझं."

"असू द्या की," ते म्हणाले. "जन्मात पयल्यांदा कुणी टाळ्या वाजवल्या."

ते गेल्यावर सुनंदाताईंना बाजूला घेऊन मी हळूच विचारलं, "काय आलं हो?"

त्यांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही त्यांच्या कोण?"

दुसऱ्या दिवशी दौंड तालुक्यात भांडगावला हेच प्रशिक्षण होतं. मी सुनंदाताईंना सोबत नेलं. शिकवलं त्यांनी, मी मागच्या रांगेत वही घेऊन बसले.

संध्याकाळी सोलापूर रस्त्यानं पुण्याला परतताना आप्पांची आठवण येत राहिली. त्यांचा रिपोर्ट काय आला, मला आजही माहीत नाही. आणि तो कळला नाही, याचंच मला बरं वाटतं.