रोवण्यात सांगितलेले सिनेमे

माझ्या मायला सिनेमातलं काही कळत नाही असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याशी आता मी भांडते. आधी भांडत नव्हते, कारण मीही त्यांच्यातलीच होते.

मी मूल गावच्या एका शाळेत शिकवते. आमच्या स्टाफरूममध्ये एक सर आहेत, त्यांना सिनेमावर बोलायला फार आवडतं. कॅमेरा कुठे होता, उजेड कुठून येत होता, वगैरे. मी एकदा मायचं एक मत सांगितलं तर हसून म्हणाले, "मॅडम, हे मत नाही, ही नुसती बडबड आहे." असू द्या बडबड. त्या बडबडीला आमच्या गावात जी किंमत आहे ती तुमच्या उजेडाला कोण देतो, सांगा.

आमचं गाव ब्रह्मपुरीहून जीपने अर्ध्या तासावर. आमच्याकडच्या बाया सिनेमा दोनदा बघतात. एकदा टॉकीजमध्ये, आणि एकदा रोवण्यात. धानाच्या रोवण्यात पंधरा-वीस बाया ओळीने वाकून बांधीतल्या चिखलात परे, म्हणजे भाताची रोपं, लावत असतात आणि जिने सिनेमा पाहिला ती बाकीच्यांना सांगते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, गाणी कुठे आली तेसुद्धा. नियम एकच, आपल्या मनचं काही घालायचं नाही. आणि हा नियम मोडला तर पकडायला आमच्या शेजारच्या काकू होत्या. मायपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या, जिभेला धार, आणि प्रत्येक सिनेमा स्वतः पाहिलेला. कोणी जरा तिखटमीठ लावलं की ओळीच्या टोकावरून ओरडायच्या, "तुह्या मनचं नोको घुसवू वं! जसा हाये तसा सांग!"

सांगून झालं की मतं. आणि मतं म्हणजे माय.

भुताच्या सिनेमातली हडळ शंभर वर्षं जंगलात राहते आणि तिची साडी पांढरीशुभ्र. माय म्हणायची, "मले तिचा साबन पायजे." मारामारीच्या सिनेमात हिरो एकटा वीस जणांना लोळवतो. माय विचारायची, "एकाले मारून राह्यला तवा बाकीचे एकोनीस काऊन उभे होते? राशनच्या लाइनीत आले होते का?" प्रेमाच्या सिनेमात पोरगा पोरीच्या मागेमागे फिरतो, बसस्टँडवर, कॉलेजात, देवळात. सगळ्या पोरी उसासे टाकत असताना मायचा एकच प्रश्न, "हा कामाले कवा जाते?" सासूसुनांच्या सिनेमात सून चुलीपुढे बसून रडते, अंगभर दागिने, "आन पोळी जळून राह्यली तिकडं लक्ष नाई." विनोदी सिनेमात जाडा माणूस पडला की टॉकीज हसायचं, माय हसायची नाही. गावात साहेब येतो आणि सगळे एकदम खुर्च्या शोधायला पळतात, असा एक प्रसंग होता, त्यावर मात्र ती इतकी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला.

आणि एका सिनेमात हिरोईन रोवणा करते. हसतहसत, गाणं म्हणत, पुढेपुढे चालत. अरे, रोवणा करणारी बाई मागेमागे सरकते! पुढे चालली तर आत्ताच लावलेले परे तिच्याच पायाखाली येतील. आमच्या गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल. त्या सिनेमाला म्हणे बक्षिसं मिळाली. सरांना मी हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तो प्रतीकात्मक शॉट होता." मी म्हटलं, धान प्रतीकात्मक खाता का तुम्ही?

तर अशी माय. पण एक जागा अशी होती की तिथे सांगणारी बाई अडखळायची. सिनेमात कोणाचा नवरा मेला आणि ती बाई हंबरडा फोडून रडली की सांगणारीचा आवाज खाली जायचा. ओळीतल्या साऱ्या बाया चिखलात बघायच्या. मग माय स्वतःच म्हणायची, "सांग ना वं. मेला तं मेला. मंग?"

कारण माझ्या बाबांना वाघाने मारलं आणि माझी माय रडली नाही.

गावाने तिच्यावर ठेवलेला हा आरोप होता आणि तो अकरा वर्षं टिकला. एप्रिल महिना होता. दोघं उजाडता उजाडता मोहफुलं वेचायला गेले होते. बाबा एका झाडाखाली, माय पलीकडच्या. दुपार व्हायला आली तेव्हा एका गुराख्याने गावात येऊन सांगितलं. गाव धावत गेलं तर माय बाबांच्या उशाशी बसलेली. हंबरडा नाही, छाती बडवणं नाही, डोळे कोरडे. घरी आणलं तेव्हाही तशीच. विहारातून माणसं आली, नातेवाईक आले, बायांनी गळ्यात पडून रडायला सुरुवात केली, तर ही नुसती बघत बसली. आठ दिवस तोंडातून शब्द नाही. काकू अंगणात साऱ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "पिक्चरातल्या बाया खोट्या नवऱ्यासाठी एवढ्या रडते. हिच्याजवळ खऱ्यासाठी एक थेंब नाई."

बस. तेव्हापासून माय दगडाच्या काळजाची ठरली. कोणी तोंडावर बोलत नसे, पण कोणाकडे मयत झाली की कुजबुज व्हायची, "तिले नोको बोलावू, ते काय रडते." सहा महिन्यांनी ती पुन्हा टॉकीजला गेली तर त्याचाही गुन्हा झाला. तिला सिनेमा आवडायचा, बाबांनाही आवडायचा, दोघं सायकलवर डबलसीट जायचे. पण विधवेने पिक्चर बघायचं म्हणजे काय! माय गेली. दर वेळी गेली. त्याच काकूंच्या शेजारी बसून गेली, कारण जीप एकच होती.

आणि मी? मी पंधरा वर्षांची होते, दहावीचा निकाल लागायचा होता. मला काकूंचं पटलं. लाज वाटते लिहायला, पण पटलं. मीही सिनेमे पाहूनच मोठी झाले होते. नवरा मेला की बाई कशी रडते हे मला पाठ होतं, आणि माझी माय तशी रडली नव्हती. त्या आठ दिवसांत मी तिच्याकडे पाठ करून झोपले. पुढे डी.एड.ला बाहेर राहिले, नोकरी लागली, पण मायशी बोलताना माझ्या मनात ती गाठ तशीच होती. तिने कधी सोडवायचा प्रयत्न केला नाही, मीही नाही.

मागच्या उन्हाळ्यात वाघाचा सिनेमा आला. मोठा सिनेमा, सगळ्यांच्या फोनच्या स्टेटसला तोच. जंगलातल्या गावाची गोष्ट, म्हणजे आमचीच म्हणे. मी सुट्टीत घरी होते. मायला म्हटलं, हा नको बघू. ती म्हणाली, "काऊन? साऱ्याइले दाखवते, मलेच नाई दाखवत का?" आणि चप्पल घातली.

दुपारचा शो. आम्ही पाच-सहा जणी, काकूही. पडद्यावर वाघ एका खडकावरून डरकाळी फोडून उडी मारतो. माय मोठ्याने म्हणाली, "वाघ सांगून नाई येत. पाला पन वाजत नाई." मागून कोणीतरी शू शू केलं. मग वाघ नवऱ्याला धरतो. हिरोईन जीव खाऊन एकदा किंचाळते, वाघ घाबरून पळून जातो, आणि नवरा तिच्या मांडीवर डोकं ठेवून लंबंचौडं बोलून मरतो. मग तिचा हंबरडा. काय रडली ती नटी! अख्खं टॉकीज मुसमुसत होतं. काकूंचा पदर ओला झाला. मी रडले. माय ताठ बसून पडद्याकडे बघत होती. आणि त्या रडारडीत तिचा आवाज आला, "एका ओरडन्यानं जात नाई तो."

बाहेर आलो. जीप भरायला वेळ होता म्हणून आलुबोंड्याच्या गाडीपाशी उभ्या राहिलो. काकूंचे डोळे अजून लाल. त्या मायकडे न बघता बाकीच्यांना म्हणाल्या, "बाई कशी रडली पायलं का? जीव होता नवऱ्यावर मनून रडली."

मी मायचा हात धरला. तिने तो सोडवला.

"पिक्चर चांगला हाये," माय म्हणाली. "पन ज्यानं बनवला त्याले वाघ मालूम नाई. एकदा ओरडलं का वाघ सोडते, हे खरं. सोडून दहा हातावर जाऊन बसते. अन पायत राह्यते. तुमी चुप झाल्या का उठते."

आलुबोंडे काढणाऱ्या माणसाने झारा तसाच धरून ठेवला.

"त्यानं मानगूट सोडलं तवा हे गेलेच होते. मले समजलं होतं. पन वाघ हालत नव्हता. त्याले हे न्याचे होते. मी चुप झाली का तो दोन पावलं पुढं. मंग मी चुपच नाई झाली. बोंबलत राह्यली. शिव्या देल्या, टोपली बडवली, जे तोंडात आलं ते ओरडली. दिवस निंगाला तवापासून दिवस डोक्यावर येईपर्यंत. तिकडं लांबून गुरांच्या घंट्या वाजल्या तवा तो उठून गेला. मंग तुमी आल्या. तवा माह्या गळ्यात काई उरलं होतं का? हंबरडा कशानं फोडू?"

काकू म्हणाल्या, "डोळ्यात पानी पन नव्हतं वं तुह्या." पण आता तो आवाज पहिल्यासारखा नव्हता.

"डोळ्यात पानी आलं असतं तं वाघ दिसला नसता," माय म्हणाली. "मंग ते डोळे तसेच राह्यले."

मी तिथेच गाडीला धरून उभी राहिले. आठ दिवस! आठ दिवस ती बोलली नाही याचा आम्ही केवढा अर्थ काढला होता. कोणी म्हणे धक्का, कोणी म्हणे गर्व, मी म्हणे प्रेमच नव्हतं. आणि तिचा नुसता आवाज बसला होता! एका घरात राहून मला कळलं नाही, आणि मी स्वतःला शहाणी समजत होते. मी भर रस्त्यात माझ्या मायच्या गळ्यात पडून रडले, मोठ्याने, अगदी सिनेमातल्यासारखी. तिने माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, "पुरे. जीप निंगन."

काकूंनी जीपमध्ये फक्त एकदा विचारलं, "मंग सांगतली काऊन नाई तू?"

"आवाज आला तवा तुमी ठरवून बसल्या होत्या," माय म्हणाली, आणि पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिली. काकूंनी माफी मागितली नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की उतरताना मी त्यांची पिशवीसुद्धा धरली नाही.

जुलैत रोवणा लागला. मी रविवारी घरी आले की ओळीत उभी राहते. शाळेतली मॅडम चिखलात काऊन, असं विचारणाऱ्यांना विचारू द्या. त्या रविवारी एका नव्या सुनेने वाघाच्या सिनेमाची गोष्ट विचारली, तिने पाहिला नव्हता. मायने मान वर केली नाही, परे लावत राहिली. मी तोंड उघडणार एवढ्यात ओळीच्या टोकावरून काकूच सांगायला लागल्या.

गाव सांगितलं, लग्न सांगितलं, गाणी सांगितली. मग खडक, मग उडी, नाही, उडी नाही. "वाघ चुपचाप आला," काकू म्हणाल्या. "पाला पन नाई वाजला." माझे हात थांबले. "मंग ते बाई ओरडली. वाघ दहा हातावर जाऊन बसला. मंग ते ओरडतच राह्यली. दिवस डोक्यावर येईपर्यंत."

दोघी-तिघींनी सिनेमा पाहिलेला होता. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. एक जण म्हणाली, "काकू, पिक्चरात तं एकदाच..."

"चुप राय," काकू म्हणाल्या. "पिक्चरवाल्याले काय समजते."

माय वाकलेलीच होती. तिच्या हातातले परे पाण्यात सुटले, तिने ते पुन्हा गोळा केले आणि मागे सरकली. नव्या सुनेला यातलं काही माहीत नव्हतं. तिने विचारलं, "मंग? वाचला का तो?"

"नाई वाचला," काकू म्हणाल्या. "पन तिनं वाघाले नेऊ नाई देला."