तोंड बंद, काच साफ

माझ्या मामीने आजवर कुणालाही माफ केलेलं नाही. शेजारणीने एकदा तिच्या वाळत घातलेल्या चादरीकडे बघून नाक मुरडलं होतं. ती शेजारीण घर बदलून गेली, तिला नातवंडं झाली, तरी मामी त्या कुलूप लावलेल्या दाराकडे बघून अजून नाक मुरडते. लोक सांगतात की मनात काही ठेवू नये, सोडून दिलं की मोकळं वाटतं. वाटत असेल बापडं. मामीने मात्र ज्याच्यावर सगळ्यात मोठा डूख धरला, त्याची गोष्ट सांगताना मला अजून हुरूप येतो, आणि त्याबद्दल मला जराही लाज वाटत नाही.

मामी कवळ्या जुळवायची. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा होतो, तो लॅबमध्ये येतो आणि तिथे कुणीतरी गुलाबी मेणात एकेक दात उभा करतं. ते कुणीतरी म्हणजे मामी. लॅबमधली खिडकीजवळची खुर्ची तिची होती. समोर वाकवता येणारा दिवा, स्पिरिटची छोटी बत्ती, मेण कोरायची बोथट सुरी. मामा गेल्यानंतर मी शिकायला म्हणून तिच्याकडे राहायला आले, तेव्हा दार उघडल्या उघडल्या ती म्हणाली, "तुझा खालचा डावा दात आत वळलाय." कशी आहेस, प्रवास कसा झाला, हे सगळं चहानंतर.

लॅबचा मालक बोलण्यात मोठा गोड माणूस. त्याला या धंद्यातलं बोलणं येत होतं, काम येत नव्हतं. त्याचा जावई घरी बसून सासुरवाडीला कंटाळा आणत होता, म्हणून त्याला कुठेतरी बसवणं भाग होतं. एका सोमवारी मामी कामावर गेली तर तिच्या खुर्चीवर जावईबापू, आणि तिची सुरी त्यांच्या हातात. ते तिने नखं साफ करत होते.

"दात काय, कुणीही बसवेल," मालक सगळ्यांसमोर म्हणाला. "शिकतील ते हळूहळू. तुम्हाला मोटारसायकल येते, हे खरं कौशल्य. दवाखान्यांत कवळ्यांचे डबे पोचवायला भरवशाचं माणूस हवंच होतं मला."

मोटारसायकल मामाची. तो गेल्यावर विकायची नाही म्हणून मामी ती चालवायला शिकली होती, आणि ते कौशल्य असं तिच्याच मुळावर आलं. लॅबमध्ये इतकी माणसं होती, पण एकानेही मान वर केली नाही. त्यांचीही नोंद मामीने मनात करून ठेवली.

घरी येऊन ती रडेल असं मला वाटलं होतं. ती भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी पुन्हा घासली. मग म्हणाली, "त्या खुर्चीवर बसा म्हणून तो मला विनवणार. सगळ्यांसमोर. आणि मी नाही म्हणणार."

"मामी, दुसरी लॅब बघ ना."

"दुसरीकडे गेले तर त्याला नाही कशी म्हणू?"

तेव्हापासून त्या एका 'नाही'साठी ती जगायला लागली. सकाळी उठून ती पाठीवर डब्यांची पिशवी अडकवायची, चष्म्यावर मामाचं हेल्मेट चढवायची आणि निघायची. थंडी वाढली, आणि मग ते काचेचं सुरू झालं.

गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरायची. चष्म्यावर वेगळी. काच वर करावी तर गार वारा डोळ्यांत जाऊन घळाघळा पाणी. खाली करावी तर समोर नुसतं दुधासारखं पांढरं. एक दिवस वळणावर तिला उभा हातगाडीवाला दिसला नाही. तो वाचला, ती वाचली, पिशवीतला डबा मात्र रस्त्यावर उघडला आणि कुणाचीतरी खालची कवळी गटाराच्या जाळीवर जाऊन पडली. मधोमध दोन तुकडे.

मालकाने ते तुकडे तळहातावर घेतले आणि हळहळल्यासारखं केलं. "आणखी एक डबा फुटला तर मला दुसरं माणूस बघावं लागेल हो," तो मायेने म्हणाला. मागे जावईबापू हसले. मामीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिने पिशवी पुन्हा पाठीवर अडकवली. हाकललं गेलं असतं तर 'नाही' म्हणायचं तिने, की त्याने? तिची सगळी सुडाची मांडणीच त्या वाफेने बुडवायला घेतली होती.

मग आमच्या घरात प्रयोग सुरू झाले. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आतून लावायचा आणि मऊ फडक्याने पुसून घ्यायचा. बटाटा अर्धा कापून काचेवर फिरवायचा. मामाच्या दाढीच्या फेसाचा डबा कपाटात तसाच होता, तोही तिने काढला. फेस लावून पुसताना ती थोडा वेळ थांबली, कारण न्हाणीघरात मामाचा वास पसरला. मग तिने त्या वासालाही मालकाचं नाव सांगितलं. दुकानातून खास वाफेसाठीची बाटली आणली. हेल्मेटच्या आत नाकाखाली बसवायची रबरी पट्टी आणली. प्रत्येक उपायाने थोडा फरक पडायचा. पहिल्या चौकापर्यंत काच लख्ख, दुसऱ्या चौकात कडेने पांढरी, तिसऱ्यात पुन्हा आंधळी कोशिंबीर.

गंमत म्हणजे सुट्टीच्या दिवशी मला मागे बसवून ती बाजारात जायची, तेव्हा तीच काच, तीच थंडी, आणि वाफेचं नाव नाही. मी हे तिला सांगितलं तर म्हणाली, "ती गाडीसुद्धा त्याला फितूर आहे."

शेवटी आम्ही गॅरेजवाल्याकडे गेलो. तो मामाचा जुना दोस्त. कमी बोलणारा, कानावर पेन्सिल. त्याने हेल्मेट उलटंपालटं करून बघितलं, हनुवटीजवळची हवेची खिडकी मातीने बुजली होती ती काडीने मोकळी केली, आणि तरी त्याचं समाधान झालं नाही. "वहिनी, उद्या कामावर जाताना मी मागे बसतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो मागे बसला. तीन चौक झाल्यावर त्याने तिच्या खांद्यावर टकटक केली. गाडी बाजूला घ्यायला लावली.

"वहिनी, तुम्ही आत कुणाशी बोलता?"

"कुणाशी नाही."

"निघाल्यापासून तुमचा तोंडाचा पट्टा चालू आहे. मला मागे ऐकू येतंय. 'मेल्या'पासून सुरुवात झाली, आता त्याच्या पणज्यापर्यंत पोचलात."

मामीला खरोखरच ठाऊक नव्हतं. बंद काचेच्या आत, कुणी ऐकत नाही अशा जागी, ती रोज मालकाला यथेच्छ शिव्या घालत दवाखान्यामागून दवाखाने पालथे घालत होती, आणि तो सगळा गरम वाफारा काचेवर जाऊन बसत होता. सुट्टीच्या दिवशी बाजारात जाताना मालक डोक्यात नसायचा, म्हणून शिव्या नव्हत्या, म्हणून वाफ नव्हती.

"साबण लावा, पट्टी लावा, काहीही करा," गॅरेजवाला म्हणाला. "पण नाकाने श्वास घ्या आणि तोंड बंद ठेवा. तोंड बंद, काच साफ."

मामीला हे फार लागलं. शिव्या हा तिचा एकच विसावा होता. पण डबा फुटून चालणार नव्हता. पहिले काही दिवस ती दात-ओठ खात गाडी चालवायची. जबडा दुखतो म्हणून संध्याकाळी शेकायची. काच मात्र खरंच साफ राहिली. आणि मग एक वेगळंच झालं. शिव्या देऊन राग रोज थोडा बाहेर पडून जायचा. आता तो आतच राहिला, आणि बोलायची सोय नाही म्हटल्यावर विचार करायला लागला.

मामीला दिसायला लागलं. जावईबापूंच्या हातच्या कवळ्या घेऊन ती जायची आणि दवाखान्यात दोन मिनिटं थांबून, पिशवीतली छोटी कानस काढून, जिथे वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत तिथे स्वतःच घासून द्यायची. सवयीने. वाईट काम तिला बघवायचं नाही. म्हणजे तिची खुर्ची बळकावणाऱ्याला तीच सांभाळून घेत होती! त्या दिवशी घरी येऊन तिने कानस माझ्या टेबलाच्या खणात टाकली आणि म्हणाली, "ही आता तुझी. पेन्सिलीला टोक कर."

तिथून डबे परत यायला लागले. मामीने काही केलं नाही. फक्त काही करायचं थांबवलं. वरचे दात खालच्यांना भेटत नाहीत, पेशंट बोलताना कवळी खाली येते, एका आजोबांनी तर शिंकताना समोरच्या पेशंटच्या मांडीवर टाकली. प्रत्येक तक्रार मामी शब्दशः मालकाला सांगायची, अत्यंत आदराने. तो जावयाला बोलू शकत नव्हता, कारण घरी मुलगी होती आणि मुलीची आई होती.

गावाबाहेरच्या वळणावर एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी एकदा मामीला थेट विचारलं, "पूर्वी तुमच्या लॅबमध्ये जे कुणी दात लावायचं, ते कुठे गेलं?"

"तुमच्यासमोर उभं आहे," मामी म्हणाली.

मग त्या बाईंचे साचे आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर यायला लागले. मामी पुन्हा मेणात हात घालायला लागली. नखं पुन्हा गुलाबी झाली.

याच सुमारास मालक लॅबच्या काचेच्या दारावर आपटला. जावईबापूंनी मोबाईलवर बोलता बोलता ते दार अर्धवट ओढून घेतलं होतं आणि काच इतकी स्वच्छ होती की ती आहे हे मालकाला कळलंच नाही. वरचे पुढचे चार दात गेले. मालक तोंडावर रुमाल धरून हिंडायला लागला. लॅबमध्ये कुणी त्याच्या दातांचा विषय काढला नाही, कारण लॅबच दातांची होती.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी मामीला एक साचा दिला. "हा पेशंट जरा विचित्र आहे," त्या म्हणाल्या. "नाव गुप्त ठेवा म्हणतो. आणि काम कुठेही द्या, पण तुमच्या त्या लॅबमध्ये देऊ नका म्हणतो."

मामीने घरी येऊन साचा दिव्याखाली धरला. वर मधे चार दातांची जागा रिकामी. खाली उजवीकडचा सुळा शेजारच्या दातावर चढून बसलेला. ते तोंड रोज समोर उघडमीट करताना तिने इतकी वर्षं पाहिलं होतं, ती ओळखणार नाही? ती खुर्चीत मागे टेकून बसली आणि तिला हसू आवरेना.

"त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "जावयाचं काम कसलं आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लोकांच्या तोंडात चालतं. स्वतःच्या तोंडात नको."

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मी म्हटलं, "मामी, वाकडे लाव. बोलताना शिट्टी वाजली पाहिजे. एक दात थोडा लांब कर, सशासारखा."

"वाकडे लावले तर तो काढून फेकेल आणि दुसरे करून घेईल," मामी म्हणाली. "चांगले लावले तर रोज घालेल. रोज सकाळी घालेल, रोज रात्री काढून धुवेल. आणि कुणी लावलेत ते त्याला माहीत असेल, एवढं मी बघते."

ते चार दात तिने जसे बसवले तसे मी तिला कधी बसवताना पाहिलं नव्हतं. रंग जुळवायला खिडकीतल्या उजेडात तीनदा नेले. प्रेमाने कुणी इतकं करत नाही.

बसवायच्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून मीही गाडीवर होते. मामी हेल्मेट न काढताच दवाखान्यात शिरली आणि भिंतीशी उभी राहिली. मालक खुर्चीत. दात बसले. त्याने चावून बघितलं, आरशात बघितलं, एक ते दहा आकडे म्हणून बघितले. चेहरा खुलला. "वा! हा हात कुणाचा?" त्याने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी भिंतीकडे बोट केलं. मामीने काच वर केली.

मालकाचं तोंड उघडं राहिलं, त्यामुळे चारही दात छान दिसले.

"दात काय," मामी म्हणाली, "कुणीही बसवतं."

तो उठून तिच्याजवळ आला आणि खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटला. उद्यापासून खुर्ची, झालं गेलं, असलं काहीतरी.

"हेल्मेटमुळे ऐकू येत नाही," मामी म्हणाली. "उद्या लॅबमध्ये बोला. सगळे असतात तेव्हा. नाहीतर सगळ्यांना मीच सांगते की मालकांनी स्वतःचे दात बाहेर करून घेतले."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सोबत गेले. जावईबापू खुर्चीतून उठून बाजूला उभे होते. मालक मधोमध येऊन म्हणाला, "तुम्ही परत खुर्चीवर बसा. माझी विनंती आहे." शब्द अगदी स्पष्ट आले. कुठे शिट्टी नाही, कुठे अडखळणं नाही. या वेळी सगळ्यांनी मान वर केली होती.

"नाही," मामी म्हणाली. डब्यांची पिशवी तिने त्या खुर्चीवर ठेवली, आपली बोथट सुरी उचलून खिशात घातली आणि बाहेर आली.

पहिला चौक आम्ही गप्प ओलांडला. दुसऱ्या चौकात मला तिच्या पाठीतून गुरगुर जाणवायला लागली. मग आवाज. मेल्या, गोडबोल्या, तुझ्या पणज्याला मी ओळखते. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं, एकही शब्द न गाळता. मी वाकून बघितलं तर काच पांढरी फटक.

"मामी, काही दिसत नाही तुला! काच वर कर!"

तिने गाडी सावकाश रस्त्याच्या कडेला घेतली, पाय टेकले, इंजिन बंद केलं. काच वर केली नाही.

"थांब जरा," ती आतून म्हणाली. "आता कुठे पोचायचंय?"