नवं ब्लेड, दोऱ्याचं रीळ आणि पाव किलो ओवा

ती दुपार मला अजून सोडत नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी दरोडेखोर पकडले, विहिरीतून प्रेतं काढली, एकदा तर उधळलेल्या बैलाला नुसत्या नजरेनं ठाण्याच्या आवाराबाहेर घालवलं. (बैल आता हयात नाही, त्यामुळे साक्ष मिळणार नाही.) पण भीती पोटात नेमकी कुठे बसते, हे मला कळलं ते त्या मे महिन्यात, टळटळीत उन्हात.

सिन्नरच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. निवृत्तीला चार-पाच वर्षं उरली होती. नाव कुणाचंच घेणार नाही. माझा आवाज तेवढा सांगतो, कारण तो या प्रकरणातला मुख्य साक्षीदार आहे. मी खुर्चीतून "कोण आहे रे तिकडे" म्हटलं की एसटी स्टँडवर सायखेड्याची गाडी निघता निघता थांबायची. यातलं निम्मं खरं धरा, निम्मंही पुष्कळ झालं. आरोपीला हात लावायची मला कधी गरज पडली नाही. मी तोंड उघडलं की तो कबूल व्हायचा, आणि याचा मला फार अभिमान होता.

दीडच्या सुमाराला मी डबा उघडला आणि एक तिशीतला माणूस धडपडत आत आला. शर्टावर इंजिनाच्या पाण्याचे हिरवट डाग, हाताला चटका बसलेला. ठाणे अंमलदारानं त्याला पाणी दिलं. ते त्यानं प्यायलंच नाही, नुसतं धरून उभा राहिला.

हळूहळू हकीकत कळली. पुण्यात नोकरी, नवरा-बायको दोघंच. बायकोला आठवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून तिला सायखेड्याला पोचवायला स्वतःची जुनी गाडी घेऊन निघालेला. सिन्नरपर्यंत ठीक. तिथून लवकर पोचू म्हणून आतला रस्ता धरला आणि मधल्या माळावर गाडीचा काटा लालमध्ये गेला. बॉनेट उघडलं तर रेडिएटरचा पाईप फाटलेला. जवळच्या तीन बाटल्यांतलं पाणी ओतलं, ते वरून घातलं तसं खालून रस्त्यावर. झाड नाही, मोबाईलला रेंज नाही. गाडीत बसावं तर भट्टी, बाहेर उभं राहावं तर तवा.

अर्ध्या तासानं एक जीप आली. रिकामी. ड्रायव्हरनं थांबून विचारलं, "दादा, ताईला उन्हात कशाला ठेवता? सायखेड्याला का? मी तिकडंच चाललोय. सोडतो घरी."

यानं बायकोला बसवलं. सामान आणि गाडी टाकून जाता येईना म्हणून स्वतः मागे राहिला. तासाभरानं एका ट्रॅक्टरनं गाडी ओढून फाट्यावर आणली, तिथं रेंज आली आणि पहिला फोन वाजला तो सासऱ्यांचा. "कुठवर आलात?" वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता. मुलगी पोचलेली नव्हती. तिचा फोन लागत नव्हता.

"जीपचा नंबर?" मी विचारलं.

"नाही बघितला, सर."

"रंग?"

"पांढरा. मळका."

"ड्रायव्हर कसा दिसत होता?"

"टोपी होती डोक्याला." मग तो खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाला, "मीच बसवलं तिला. दारही मीच लावलं, सर. घट्ट लागत नव्हतं, दोनदा लावलं."

मळकी पांढरी जीप आणि टोपीवाला ड्रायव्हर. या वर्णनात आमचा अर्धा तालुका बसत होता. मी डबा बंद केला. स्टेशन डायरीला नोंद घेतली, कंट्रोल रूमला कळवलं, दोन ठिकाणी नाकाबंदी लावली, तिच्या फोनचं लोकेशन मागवलं. लोकेशन आलं, पण टॉवर म्हणजे काही देव नव्हे. तो एका बोटानं दहा गावं दाखवतो. त्या दहा गावांमधल्या विहिरी, ओढे आणि बंद पडलेल्या खाणी मला तोंडपाठ होत्या. पोलिसाला गावाचा नकाशा असाच पाठ असतो, कुठे काय सापडलं त्यावरून. बाहेरून मी कडक होतो, पण आतून एकेक विहीर मोजत होतो.

सव्वादोनला फोन आला. फाट्यावरचा चहावाला, माझा जुना खबरी. हा माणूस एरवी एका बातमीला तीन वेळा पाणी घालून देतो. त्या दिवशी सरळ बोलला.

"साहेब, एक जीपवाला किराण्यावर आलाय. कपडे ओलेचिंब. असल्या उन्हात अंगावरच्या कपड्यानिशी आंघोळ केल्यासारखा. नवं ब्लेड घेतलं अन् दोरा घेतला. मी जीपमधी डोकावलो साहेब. मागच्या सीटवर रक्त हाय. लय हाय."

नवरा माझ्या समोर बसला होता. मी फोन कानाला घट्ट दाबला, पण खबरीचाही आवाज काही लहान नव्हता.

दहा मिनिटांत माझ्या दोन शिपायांनी त्याला धरलं. तो तेव्हा मोबाईल कानाला लावून उभा होता. शिपायांनी मोबाईल हिसकावून बंद केला. जीप ठाण्यात आली. मी दोन पंच बोलावून पंचनामा केला. तो कागद मला आजही शब्दशः म्हणता येईल: मागील आसनावर रक्तासारखे ओले डाग, एक स्त्रीची चप्पल, डाव्या पायाची. चालकाच्या ताब्यात एक कापडी पिशवी. पिशवीत दाढीचे नवीन ब्लेड एक, पांढऱ्या दोऱ्याचे रीळ एक, ओवा पाव किलो व इतर किराणा. ब्लेड आणि दोरा मी वेगळ्या पाकिटात सीलबंद केले, सह्या घेतल्या. 'इतर किराणा' हे दोन शब्द माझ्याच अक्षरातले आहेत.

नवऱ्यानं चप्पल ओळखली. नुसती मान हलवली.

जीपवाला पस्तिशीचा, काटकुळा. मी त्याला समोर उभं केलं.

"बाईला कुठं सोडलं?"

"कोनची बाई साहेब? मी कोनालाच बसवलं नाय."

पहिलंच उत्तर खोटं. त्याच्या खासगी जीपला प्रवासी भरायची परवानगी नव्हती आणि पोलीस पाहिला की असे लोक आधी 'कोणालाच बसवलं नाही' म्हणतात, हे मला वीस वर्षं माहीत होतं. पण डोळ्यांसमोर ती एक चप्पल होती.

"रक्त कोणाचं?"

त्यानं हात जोडले. "साहेब, माझा मोबाईल द्या. एक फोन लावू द्या."

"कोणाला? साथीदाराला?"

"नाय, नाय. एकच फोन."

"कोणाला ते सांग."

ते तो सांगेना. मग मी उठलो आणि नोकरीतला सगळा आवाज काढला. "कुठं पुरलीस तिला? बोल, कुठं पुरलीस?"

पंख्याच्या पात्यांवरची धूळ खाली आली, असं ठाण्याचं लिखाण सांभाळणारा आमचा रायटर पुढे बरीच वर्षं सांगायचा. मी त्याला कधी खोडलं नाही. पण त्या आरोळीनं दोन गोष्टी झाल्या, त्या खऱ्या आहेत. जीपवाल्याची दातखीळ बसली. आणि भिंतीपलीकडे नवरा बाकावरून खाली फरशीवर बसला, तो कुणी उठवूनही उठेना.

चाळीस मिनिटं मी त्या माणसासमोर गरजलो. त्याचा जबडा आवळलेला, डोळे दाराकडे, आणि कपड्यांतून गळलेल्या पाण्याचं पायाशी थारोळं. जितका तो गप्प, तितकी माझी खात्री वाढत गेली. एक शिपाई हळूच म्हणाला, "सर, कुदळी-फावडी मागवून ठेवू?" मी हो म्हटलं.

मुद्देमाल रजिस्टर आमच्या हवालदार बाईंकडे होतं. बाई नामपूरकडच्या, कांद्याच्या मार्केटमध्ये वाढलेल्या. तिथं दिवसभर लिलावाची आरडाओरड ऐकलेली असल्यामुळे माझ्या आवाजाचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं, आणि स्वतः कधी ओरडत नसत. नोंद घेण्यासाठी त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. एकेक पुडी उघडून वास घेतला. मग दारात येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, खून करून आलेला माणूस ओवा कशाला घेईल?"

"लोकांना संशय येऊ नये म्हणून. बाई, मला काम करू द्या."

"आणि बाळंतशेपा? खारीक, डिंक? अळीवसुद्धा आहेत." त्यांनी पुड्या माझ्या टेबलावर मांडल्या. "तुमच्या घरी दोन बाळंतपणं झाली ना, साहेब? ही बाळंतिणीची पिशवी आहे. ब्लेड नाळ कापायला, दोरा बांधायला."

घरची ती दोन बाळंतपणं झाली तेव्हा मी एकदा बंदोबस्तात होतो आणि एकदा तपासावर.

बाई आत गेल्या, जीपवाल्याच्या समोर फरशीवर मांडी घालून बसल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, मुलगा झाला का मुलगी?"

त्याचा जबडा हलला. आधी नुसती हवा आली, मग आवाज.

"मुलगी. पन ताईचं रक्त थांबत नाय. बाळामागची वार पडली नाय अजून. माझी आई धरून बसलीय तिला. तिकडं रेंज नाय. मला म्हनली, फाट्यावर जाऊन गाडी बोलाव."

बाईंनी त्याचा मोबाईल चालू केला. शेवटचा लावलेला नंबर एकशे आठ. अर्ध्यातच तुटलेला.

पोटातली जागा मला कळली ती तेव्हा. इतका वेळ मी एका मेलेल्या बाईचा तपास करत होतो आणि ती दहा किलोमीटरवर जिवंत होती. रक्त जात होतं, आणि तिच्यासाठी निघालेला एकमेव निरोप मी चाळीस मिनिटं खोलीत कोंडून ठेवला होता.

जीपवाल्याला वस्ती विचारून अँब्युलन्सला फोन बाईंनीच केला. नवऱ्याला आम्ही दोन्ही बाजूंनी धरून गाडीत घातलं. जीपवाला पुढे बसून रस्ता दाखवत होता. माळावरून कच्च्या वाटेनं गाडी हाणली. नवरा एकदाच म्हणाला, "आहे ना ती?" मी ड्रायव्हरला गाडी अजून जोरात घ्यायला सांगितली.

वस्तीवर दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. दारात बादलीभर लाल पाणी. आत खाटेवर ती बाळंतीण, चेहरा ओल्या कागदासारखा. छातीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं बाळ, नाळेसकट. आणि शेजारी एक म्हातारी, दोन्ही हातांनी तिचं पोट दाबून, चोळत. ती किती वेळ तशी बसली होती देव जाणे. पण हात सुटलेले नव्हते. चार खाकी माणसं दारात उभी राहिली तरी तिनं वर पाहिलं नाही.

"ब्लेड आणलं का रे?" तिनं विचारलं.

ब्लेड सीलबंद होतं. मी मागे वळून पाहिलं. बाईंनी पाकीट टरकावलेलं होतं.

"सील मी फोडलंय, साहेब," त्या म्हणाल्या. "चौकशी लावायची तर उद्या लावा."

तेवढ्यात अँब्युलन्स पोचली, त्यांच्याकडे सगळं सामान होतं. डॉक्टरनं म्हातारीला हात काढायला सांगितले. ते तिला लगेच काढता येईनात, बोटं आखडली होती. बाईंनी एकेक बोट सोडवलं. नवरा खाटेपाशी गुडघ्यांवर बसला होता. बायकोनं डोळे उघडले आणि त्याला पहिलं काय विचारलं असेल? "गाडी सुरू झाली का?"

नाशिकला ती नऊ दिवस रुग्णालयात होती. पहिले दोन दिवस डॉक्टर काही सांगत नव्हते आणि ते दोन दिवस मी घरी जेवलो नाही. मग वाचली. मुलगी तर पहिल्या दिवसापासून ठणठणीत होती. तिचा आवाज माझ्यावर गेला होता म्हणे, पण हे आमचा रायटर सांगायचा.

जीपवाल्याचा जबाब दुसऱ्या दिवशी बाईंनी घेतला. खड्ड्यांत जीप आदळली, कळा सुरू झाल्या. दवाखाना लांब, आईचं घर जवळ, म्हणून गाडी तिकडं वळवली. आई जुनी सुईण. मागे एका बाळंतपणात काही बिघडलं होतं, तेव्हा पोलिसांनी तिच्याकडून लिहून घेतलेलं, पुन्हा हात लावणार नाही म्हणून. याचे कपडे रक्तानं भरले होते. तसाच गेलास तर लोक मारतील म्हणून तिनंच त्याच्यावर बादली ओतली. फाट्यावर एकशे आठ लवकर लागेना, म्हणून मधल्या वेळात त्यानं आईनं सांगितलेली पिशवी भरून घेतली. पोलिसांपुढे तोंड उघडलं असतं तर आई आत गेली असती, असं त्याला वाटलं. त्याच्यावर मी काही कारवाई केली नाही. परवान्याचीही नाही.

जबाबावर सही झाल्यावर मी त्याला चहा दिला आणि बसवून विचारलं, "अरे, आईचं नाव नसतं घेतलंस तरी चाललं असतं. बाई जिवंत आहे, एवढं तरी सांगायचंस."

त्यानं कप खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही ते इचारलंच नाय साहेब. तुम्ही इचारलं, कुठं पुरली. मी कुठंच पुरली नव्हती. मंग काय सांगू?"

त्यानंतरची नोकरी मी वेगळ्या रीतीनं केली. संशयित आला की पहिला प्रश्न बाई विचारायच्या, फरशीवर समोर बसून, आणि मी शेजारच्या खोलीत तोंड मिटून ऐकायचो. माझ्यासारख्या माणसाला तोंड मिटून बसवणं ही सक्तमजुरीच. ती मी निवृत्तीपर्यंत भोगली. ज्या प्रश्नात आपणच उत्तर घातलेलं असतं तो प्रश्न नसतो, एवढं शिकायला मला तीस वर्षांची नोकरी लागली.

पण या प्रकरणात त्या माणसाची आई होती, तिचे हात होते आणि बाई होत्या, म्हणून चूक उघडी पडली. त्याआधीच्या तीस वर्षांत माझ्या आवाजापुढे कितीजण कबूल झाले, हे मी वर अभिमानानं लिहिलं आहे. त्यांच्यातल्या किती जणांना मी खरोखर काही विचारलं होतं, हे आठवायला मी अजून बसलेलो नाही. दुपारी घर शांत असतं, वेळही भरपूर असतो. धीर होत नाही.