वखार आली की उठायचं

माझ्या वर्गात वर्षभर नाटक चालायचं. खुर्च्या एकामागे एक लावल्या की झाली एस.टी. मी ड्रायव्हर, मीच कंडक्टर, सुट्या पैशांवरून भांडणारी म्हातारीही मीच. ऐंशीनंतरची ती वर्षं. रत्नागिरीत दोन खोल्यांत आमची शाळा भरायची आणि दारावरच्या पाटीवर तेव्हाचा सरकारी शब्द होता, ‘मतिमंद’. आमच्या मुलांना लेखी पेपर देऊन उपयोग नव्हता, म्हणून परीक्षाच वेगळी होती. स्वतःची वेणी घालणं, दुकानातून मीठ आणणं आणि सगळ्यांत अवघड म्हणजे बसनं एकट्यानं घरी जाणं.

या शेवटच्या परीक्षेला मिरजोळ्याची एक मुलगी बसली होती. सतरा-अठरा वर्षांची, गोल चेहऱ्याची, कायम खुशीत. अक्षरं तिच्या डोक्यात टिकत नसत, आकडे तर नाहीच. म्हणून मी तिला खूण दिली होती, तिच्या स्टॉपजवळची लाकडाची वखार. वखार आली की उठायचं. वर्गातल्या एस.टी.त वखारही मीच व्हायची. दोन्ही हात ताणून, तोंडानं करवतीचा आवाज काढत. ती टाळ्या वाजवत उठायची, दर वेळी, बिनचूक. त्या वखारीवर मी स्वतःच खूश होते.

तिच्या आईला मात्र टाळ्यांशी देणंघेणं नव्हतं. विधवा बाई, पोटाच्या दुखण्यानं खंगत चाललेली. डॉक्टरांनी आता नवीन औषध लिहायचंही सोडलं होतं. मुलीची चुलती शेजारीच राहायची. ती म्हणाली होती, स्वतःची स्वतः जाऊन-येऊन असेल तर राहू दे माझ्याकडे, एरवी मला झेपायची नाही. शाळेत मोठ्या मुलांचा काथ्याच्या पायपुसण्यांचा वर्ग होता, पण तिथेही एकट्यानं ये-जा करणाऱ्यांनाच घेत. नाहीतर तिला दूर संगमेश्वराकडे नेणारा मामा होताच.

“माज्या मागं पोर येकली घरला येल काय, येवडाच सांगा बाई,” आई म्हणाली होती.

परीक्षा घ्यायला घाटावरून एक साहेब आले. सज्जन गृहस्थ. परीक्षा आहे हे कुणाला कळू नये म्हणून ते पेपरात तोंड खुपसून मधल्या बाकावर बसले. मी डोक्यावरून पदर घेऊन मागे, मांडीवर उसनी टोपली. माझ्या मते हुबेहूब मासळीवाली. शेजारच्या खऱ्या मासळीवालीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “बाई, टोपली उलटी धरलाव.”

म्हणजे अख्ख्या गाडीला ठाऊक होतं.

मग जे झालं, ते मी आजही लोकांना करून दाखवते. वखारीच्या बऱ्याच आधी कंडक्टर खाकरू लागला. बोटीवरून निवृत्त झालेले एक चाचा कुणी न विचारता, वाऱ्याशी बोलल्यासारखे म्हणाले की आज वखारीत साग चांगला आलेला दिसतो. मासळीवालीनं मुलीची पिशवी आधीच तिच्या काखेत अडकवली. कंडक्टरनं स्टॉपचं नाव असं ताणून पुकारलं की दशावतारातल्या राक्षसानं लाजावं. मुलगी उठली, सगळ्यांना हात करत उतरली. मी टोपलीसकट उभी राहून टाळ्या वाजवल्या.

साहेबांनी पेपराची घडी घातली. “बाई, ती उतरली नाही,” ते हळूच म्हणाले. “तिला उतरवलं.”

त्यांनी ‘मदतीने’ असा शेरा मारला. पुढच्या वर्षी पुन्हा बघू, म्हणाले.

आईला मी सगळं रंगवून सांगितलं, खाकरण्यापासून सागापर्यंत. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, “मानसा पास झाली. पोर नाय.”

त्यानंतर मी मुलीला शिकवायचं सोडून गाडीला शिकवू लागले. रोज त्याच बसनं जायचं, एकेकाला पटवायचं की बाबांनो, गप्प बसा, तिचं तिला कळू दे. कंडक्टर म्हणाला, पुढच्या स्टॉपला नेऊन सोडू तिला? माझ्याच्यानं नाही होणार. तरी एके दिवशी सगळ्यांनी जमवलं. वखार जवळ आली तशी अख्खी गाडी खिडकीबाहेर बघू लागली. मुलगी एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. खिडकीबाहेर तिनं एकदाही पाहिलं नाही. वर्षभर ती वखार शिकलीच नव्हती. ती माणसं बघून उठत होती. वर्गातही माझंच तोंड बघून.

करवतीचा आवाज मागे पडला. तिचे ओठ थरथरू लागले. तेवढ्यात मासळीवाली उठली, तिनं घंटीची दोरी ओढली आणि माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा मी तो प्रयोग केला नाही.

पुढच्या परीक्षेआधीच, पावसाळ्यात आई गेली आणि मुलीला मामा घेऊन गेला. साहेब आले ते दुसऱ्या मुलांसाठी.

पुढे कधीतरी संगमेश्वरच्या स्टँडवर तिचा मामा भेटला. वाईट माणूस नव्हे. त्यानं चहा पाजला. मी विचारलं, बसनं कुठे जाते-येते का? सुरुवातीला दोनदा बसवली, तो म्हणाला. वाटेत उतरली नाही.

“शेवटापत जाते आनि सगल्यांच्या तोंडाकडं बघत बसते,” तो म्हणाला. “कोन कायच बोलत नाय. मग घरातच ठेवली.”

एरवी असल्या क्षणी मला एखादी नक्कल सुचते. त्या दिवशी मी चहाचा कपही खाली ठेवायचा विसरले. समोरून गाड्या येत होत्या, माणसं आपापली उठून उतरत होती.