सुताराच्या चौकटी आणि आमची सावड

आपल्या केनवडहून निघालो तेव्हा बैलगाडीत मी, माझी वळकटी आणि वांग्यांची पोती असे सगळे एकत्रच बसलो होतो. वांगी वाशीमच्या बाजारात उतरली आणि मी अकोल्याच्या सर्व्हिस मोटारीत चढलो. वाशीमला तेव्हा रेल्वे नव्हती. नागपूरची गाडी अकोल्याला धरायची. बाबा भाव करता करता मध्येच मोटारीपाशी आले. “परक्या गावात जाऊन राह्यला, कोणाची नड दिसली त मांगं राहू नोको,” एवढं म्हणाले आणि गिऱ्हाईक आलं म्हणून परत पळाले. रडायला दोघांनाही सवड मिळाली नाही, ते बरंच झालं.

नागपुरात मी गिलाव्याचं काम शिकलो, मिस्त्री झालो आणि एका वसतिगृहाच्या गिलाव्याचा पोटठेका मला मिळाला. तुम्हा गावच्या मंडळींना हा प्रकार समजावताना माझी नेहमी फजिती होते. आपल्याकडे मळा ज्याचा, त्यानेच वखरायचं, ओलवायचं, तोडायचं, विकायचं. इथे इमारत मालकाची, विटांचं काम एकाचं, लाकूडकाम दुसऱ्याचं, गिलावा माझा. आणि सगळ्यांच्या वर मोठे ठेकेदार, आमचे दादासाहेब. ते स्वतः एक वीटही उचलत नसत. सणाला गावी आलो तेव्हा मायनं विचारलं होतं, “मंग तो दिवसभर करते काय?” त्याचं उत्तर पुढे मिळालं, शिव्यांसकट.

पहिलाच ठेका म्हणून मी गावाकडचे आपलेच भाऊबंद कामाला आणले होते. काम हातचं गेलं असतं तर सगळ्यांनाच वळकट्या बांधून परत यावं लागलं असतं. तेवढ्यात आमचे सुतार करीमचाचा यांची माणसं तापाने आडवी झाली. दारांच्या चौकटी नुसत्या पडून, आणि चौकटी बसल्याशिवाय गिलावा करता येत नाही. आम्ही काय केलं असेल? तुम्ही केलं असतं तेच. शेजाऱ्याचं काम अडलं की आपण सावडीला जातो, बोलावण्याची वाट कोण पाहतं? रविवारी साईट बंद होती. आम्ही खालच्या मजल्याच्या साऱ्या चौकटी उभ्या केल्या, चुन्याचा मसाला भरून पक्क्या केल्या आणि सोमवारी शाबासकी घ्यायला ओळीने उभे राहिलो. एकाने तर नवा फेटा बांधला होता.

करीमचाचांनी पहिल्या चौकटीला ओळंबा लावला. चौकट एका अंगाला चांगलीच कलली होती. दुसरीही तशीच. ते मटकन खाली बसले. “मेरा काम किससे पूछ के किया?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दादासाहेब आले आणि माझ्यावर बरसलेच. “उद्या दार लागलं नाही त मी मान कोणाची धरू? सुताराची का तुही?” आता आपलं बिऱ्हाड उठलं, अशी माझी खात्रीच झाली.

दुपारी मालकाचे इंजिनियर आले. चौकटी उखडलेल्या पाहून त्यांनी विचारलं, हे कोणाचं काम? दादासाहेब टोपी सारखी करत शांतपणे म्हणाले, “माझं. दुरुस्त करून राह्यलो.” माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मायच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

चौकटी करीमचाचांनी पुन्हा बसवल्या. आता उशीर माझ्या गिलाव्याला झाला. पुढच्या रविवारी चुना कालवत बसलो होतो, तर चाचा आपली सगळी माणसं घेऊन दारात हजर. म्हणाले, “दादासाहेब से पूछ के आया हूँ. बोलो, क्या पकड़ना है?”

गिलाव्याची थापी काही मी त्यांच्या हातात दिली नाही. घमेली दिली. दिवसभर ती माणसं चुना वाहत होती, आणि चाचांच्या दाढीला लागलेला चुना पाहून आमची मंडळी पोट धरून हसत होती. ठेका वाचला हे संध्याकाळी सगळ्यांनाच कळलं. हात धुताना मी चाचांना म्हणालो, “चला, घरी जेवायला.”

‘घरी’ म्हणताना डोळ्यांपुढे नागपूरची आमची पत्र्याची खोली होती. केनवड आठवलं ते घास घेताना, आणि मी चाचांना आणखी एक भाकरी वाढली.