सगुणाबाईंची दुपार

वेसावे गावातल्या सगुणाबाईंना बसायला येत नसे. पाठ दुखते किंवा गुडघा वाकत नाही म्हणून नव्हे, सवयच नव्हती. पहाटे बंदरावर लिलावात उभं राहायचं, मग मासळीच्या पाट्या टेम्पोत घालून अंधेरीच्या बाजारात ओटा मांडायचा. दुपारी बाजार पेंगायला लागला की बस धरून घरी यायचं, नवऱ्याला जेवायला वाढायचं, बर्फवाल्याशी भांडून बर्फ घ्यायचा, लग्नाकार्याच्या ऑर्डरी ठरवायच्या, कुणाच्या सासू-सुनांचं जमत नसेल तर तेही मिटवायचं आणि संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला पुन्हा ओट्यावर हजर व्हायचं. वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत हे असंच चाललं होतं, आणि ते थांबवावं असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात सुरमई कापता कापता त्यांचा डोळा लागला. उभ्या उभ्या, हातात कोयता. कोयता बोटावर बसला. शेजारच्या ओट्यावरची द्रौपदी ओरडली म्हणून त्या जाग्या झाल्या, नाहीतर आधी रक्त दिसलं असतं आणि मग दुखलं असतं. डॉक्टरांनी टाके घातले आणि हाताला पाणी लावायचं नाही असं बजावलं.

सून प्रेमा हिनं ओटा सांभाळला. सगुणाबाई घरच्या ओटीवर हात छातीशी धरून बसल्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला रिकामं बसायचं कसं तेच ठाऊक नाही. त्या सारख्या उठत, डबे हलवत, कोंबड्यांना हाकलत, प्रेमानं घासलेली भांडी पुन्हा मोजत. जाळं विणत बसलेला नवरा रामनाथ वैतागला.

"जरा गप बस ना!"

"बसून कं करायचं?" त्यांनी विचारलं. रामनाथनं बराच विचार केला. मग जाळं उचलून तो अंगणात जाऊन बसला.

बोट बरं झालं आणि सगुणाबाई पुन्हा ओट्यावर उभ्या राहिल्या. पहिल्याच शुक्रवारी इनेझ आली. इनेझ अंधेरीतल्याच आंबोलीच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणातली, सगुणाबाईंचं वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. शुक्रवारी तिला बोंबील लागत. अंधेरीत नव्यानं उघडलेल्या तरणतलावावर ती बायकांना पोहायला शिकवायची. दुपारची बॅच फक्त बायकांची होती, पण बायकाच येत नव्हत्या. बोटाची हकिकत ऐकून ती म्हणाली, "बाय, तू उभ्यानं झोपतेस म्हणजे वाट लागली तुझी. दुपारी ये माझ्याकडे. समुद्राकाठची तू, पोहायला तर येतंच असेल."

सगुणाबाई हसल्या. लहानपणी खाडीत पोरांबरोबर त्या डुंबायच्या खऱ्या. मग एक दिवस आजीनं वेणीला धरून बाहेर काढलं, आता तू मोठी झालीस म्हणून. तेव्हापासून पाण्याशी संबंध राहिला तो मासळी धुण्यापुरता.

"नाय गो, मना वेळ कुठं हाय?" त्या म्हणाल्या. पण बोंबील कागदात बांधताना त्यांनी विचारलंच, "लुगड्यावर चालतं?"

"नाय चालत. कॉश्चूम लागतो."

कॉश्चूम शिवायचं काम गावातल्या शिवदास टेलरकडे आलं. इनेझनं कागदावर काढून दिलेलं चित्र त्यानं आडवं धरलं, उभं धरलं. "हे काय शिवायचं म्हणता, काकी?"

"झबलं समज. मोठ्या बाईचं. गुडघ्यापर्यंत पाय झाकले पाहिजेत."

शिवदासनं काळ्या कापडाचं झबलं शिवलं आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या गावाला कळली.

रामनाथला ती बंदरावरच कळली. घरी येऊन तो म्हणाला, "समुद्र दारात हाय आणि तू अंधेरीला जाऊन खड्ड्यात पोहणार?"

"दारातल्या समुद्रात उतरले तर सगळा गाव काठावर उभा राहून मना भाव विचारील. खड्ड्यात कुणी विचारणार नाय."

"आणि माझं जेवण?"

"डब्यात असंल. डबा उघडायला येतो ना तुम्हाला?"

बर्फाचं काम त्यांनी मुलावर, चंदरवर टाकलं. तो कुरकुरला, पण गेला. दुपारच्या ऑर्डरी प्रेमाकडे दिल्या. अशी कामं वाटता येतात हे इतकी वर्षं आपल्याला का सुचलं नाही, याचं त्यांना बसमध्ये बसल्या बसल्या नवल वाटलं.

जाण्याआधी त्यांनी लिंबू आणि चिंच लावून हात खसखसून घासले होते. तरी कपडे बदलायच्या खोलीत एक गोरीपान बाई नाक मुरडून बाजूला सरकली. मग थबकली आणि निरखून बघायला लागली.

"अगं, सगुणाबाई? लुगडं नाही, दागिने नाहीत, ओळखलंच नाही मी! परवाची कोलंबी काय झकास होती!"

सगुणाबाईंना त्या काळ्या झबल्यात लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण कोलंबीचा विषय निघाला आणि जीव थोडा ठिकाणावर आला.

पाण्यात मात्र फजिती झाली. लहानपणीच्या आठवणीवर विसंबून त्यांनी कठडा सोडला आणि सरळ तळाला गेल्या. इनेझनं काखेत हात घालून वर काढलं. नाकातोंडात पाणी गेलेलं, डोळे लाल.

"खाडी उचलून धरायची मना," खोकत खोकत त्या म्हणाल्या. "हे गोडं पाणी कसलं गो, धरीतच नाय!"

"मिठाचं पाणी जास्त उचलतं, बाय. इथं पहिल्यापासून शिकायचं."

मग त्या शिकल्या. कॉलेजातल्या मुलींच्या रांगेत कठड्याला धरून पाय मारायचे, थर्माकोलची फळी पोटाशी घेऊन ढकलत जायचं. मुली पुढे निघून जात आणि त्या मधेच अडकत. राग येई, हसूही येई. ज्या दिवशी पाठीवर तरंगायला जमलं, त्या दिवशी मात्र त्या इनेझची शिट्टी वाजली तरी बाहेर येईनात. कान पाण्याखाली होते. लिलावाची ओरड नाही, गिऱ्हाइकाची घासाघीस नाही, कुणी "सगुणा गो" म्हणून हाक मारत नाही. वर नुसतं पांढरं आभाळ आणि त्यात एक घार. आपले हात काही करत नाहीत, हे त्यांना बऱ्याच वेळानं जाणवलं.

गावात चेष्टा झालीच. "सगुणा अंघोळीला अंधेरीला जाते," असं बायका म्हणत. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांना लागलं ते दुसरंच. लग्नसराईत एका मोठ्या घरची ऑर्डर आली. प्रेमानं दुपारी ती घेतली आणि पापलेटाचा अंदाज चुकला. ऐन पंगतीत पापलेटं कमी पडली. मुलीचा बाप ओट्यावर येऊन चार लोकांत नाही नाही ते बोलून गेला. प्रेमा रडली. दुसऱ्या दिवसापासून सगुणाबाईंची पोहण्याची पिशवी खुंटीवरच राहिली. दुपारी त्या पुन्हा घरी येऊ लागल्या.

आणि घराला ताप झाला. प्रत्येक ऑर्डर त्या पुन्हा तपासत, चंदरनं आणलेल्या बर्फाला नावं ठेवत, रामनाथच्या ताटात भात आपटत. पंधरवडाभर प्रेमानं ते सोसलं. मग एका दुपारी कोलंबी सोलता सोलता, मान वर न करता ती म्हणाली, "आई, तुम्ही पोहायला जा."

"आणि पुन्हा चुकलीस तर?"

"चुकेन. तुम्ही कधी चुकला नाय काय? पण तुम्ही दुपारची घरात असलात की मना दोन कामं पडतात. एक मासळीचं, एक तुमच्या रागाचं. पहिलं जमतं मना."

सगुणाबाईंना इतकं तोंडावर आजवर कुणी बोललं नव्हतं. त्या ताडकन उठल्या. आता काही ऐकावं लागणार म्हणून प्रेमानं मान आणखी खाली घातली. सासूबाई ओटीवर जाऊन उभ्या राहिल्या, रस्त्याकडे बघत राहिल्या. मग आत येऊन म्हणाल्या, "शंभर माणसांच्या पंगतीला पापलेटं किती धरायची ते रात्री सांगते. नीट ऐकून घे." आणि खुंटीवरची पिशवी घेऊन बस पकडायला गेल्या.

त्यानंतर खाडा झाला नाही असं नाही. मासळी खूप आली की दुपार जायचीच. सणवार असत, पाहुणे असत. पण आता त्या कुणालाही सरळ सांगत, "दुपारी मी नसते. संध्याकाळी ये." भांडण मिटवायला आलेल्या बायकांनाही हेच उत्तर मिळे. संध्याकाळपर्यंत त्यातली बरीच भांडणं आपोआप मिटलेली असत, हे पाहून सगुणाबाई चकितच झाल्या.

पुढल्या वर्षी द्रौपदी त्यांच्याबरोबर यायला लागली. तिला पोहण्यात रस नव्हता. ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून कॉलेजच्या मुलींना त्यांची लग्नं कधी ठरणार ते विचारत असे. पाणीकपातीत तलाव बंद पडला, तेव्हा दोघी बाजारामागच्या पिंपळाखाली गोणपाट टाकून पडून राहत. कुणी हटकलं तर द्रौपदी म्हणे, "आमची बॅच चालू हाय."

रामनाथ एकदाच आला, बायको करते तरी काय ते बघायला. बायकांच्या बॅचला पुरुषांना आत सोडत नसत. मग तो बाहेर वॉचमनशी गप्पा मारत, शेंगा सोलत बसला. बराच वेळ बसला. घरी जाताना म्हणाला, "सावली बरी हाय तिथं."

इनेझ त्यांच्या फार मागे लागली होती ती उडी मारण्यासाठी. पोहायला येतं, तरंगायला येतं, मग उडीलाच का घाबरतेस? सगुणाबाई टाळत होत्या. तलाव पुन्हा उघडल्यावर एका दुपारी, कुणी काही म्हटलं नसताना, त्या उडीच्या फळीवर चढल्या. खाली बघून एक पाऊल मागे सरकल्या. द्रौपदी पाण्यातून ओरडली, "उतर गो खाली, म्हातारे!" म्हातारे म्हटल्यावर उतरणं शक्यच नव्हतं. त्यांनी नाक चिमटीत धरलं आणि देह सोडून दिला. अशा पोटावर आपटल्या की काठावरच्या मुलींच्या अंगावर पाणी उडालं. वर आल्या तेव्हा केस तोंडावर, पोटाची आग होत होती आणि हसू आवरत नव्हतं. इनेझ घाबरून काठाशी धावली.

"लागलं काय, बाय?"

"लागलं ना!" सगुणाबाई म्हणाल्या, आणि कठडा धरून पुन्हा उडीच्या फळीच्या शिडीकडे निघाल्या.